स्वातीची चाल

वैशाख-ज्येष्ठाच्या रात्रीं अंगणांत बाज टाकून आकाश न्याहाळणें हा खानदेशांतील मुलांचा जुना आनंद होय. दहाच्या सुमारास यावल येथें मान वर केली असतां जवळजवळ माथ्यावरच एक नारिंगी, ठळक तारका दिसते. सप्तर्षींच्या शेपटीचा बांक तसाच पुढें नेला म्हणजे दृष्टि तिच्यावर जाऊन ठरते. हीच स्वाती.

वीस वर्षांपूर्वीं आम्ही वर्गांत सांगत असूं कीं, ग्रह चालतात आणि तारे अचल असतात. त्या वेळचीं मुलें आज पालक झालीं आहेत. गेल्या वर्षीं त्यांपैकीं एकाचा मुलगा म्हणाला, "सर, तारे चालतात असें पुस्तकांत आहे; पण बाबा म्हणतात, तुम्हींच त्यांना उलट शिकविलें होतें." बाबांचें म्हणणें खरें होतें. तेव्हां ही दुरुस्ती बापलेकांस एकदमच पोहोंचावी, म्हणून हें लिहीत आहों.

तारे चालतात हें इ. स. १७१८ मध्यें एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदानें दाखविलें. प्राचीन ग्रीकांनीं नोंदलेल्या स्थानांशीं ताडून पाहतां तीन तारे अर्ध्या अंशाहून अधिक सरकलेले त्यास आढळले. आणि ते कोणते, तर स्वाती, व्याध व रोहिणी. आमच्या शेतकऱ्यांच्याही ओळखीचींच हीं नांवें! (रोहिणीचें माप पुढें चुकीचें ठरलें, परंतु मूळ गोष्ट खरी निघाली.) स्वाती दरवर्षीं सुमारें २.३ विकला सरकते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. एका आयुष्यांत डोळ्यांस कांहींच कळावयाचें नाहीं. परंतु इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हांपासून आजपर्यंत ती जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीइतकी चित्रेच्या बाजूस गेली आहे. तिचें अंतर सुमारें ३७ प्रकाशवर्षें आहे. त्यावरून हिशेब केला असतां आपल्या मानानें तिचा वेग सेकंदास सुमारें १२० किलोमीटर निघतो.

एवढ्या वेगानें ती धांवते तरी कां? हें कळण्यास आधीं आकाशगंगेची चाल समजली पाहिजे. सूर्य व स्वाती हीं दोघेंही तिच्या चपट्या तबकडींतलीं. तबकडीचा व्यास सुमारें एक लक्ष प्रकाशवर्षें, आणि सूर्य केंद्रापासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षांवर. तो सेकंदास सुमारें २३० किलोमीटर वेगानें केंद्राभोंवतीं फिरतो, तरी एका फेरीस वीस कोटींहून अधिक वर्षें लागतात.

ही तबकडी जात्याच्या पाळीसारखी एकसंध फिरत नाहीं. पूर्वीं खळ्यांत मेढीभोंवतीं बैलांची पात फिरे. सारे एकमेकांस बांधलेले, म्हणून मेढीजवळचा बैल सावकाश चाले व बाहेरच्यास झपझप पाय उचलावे लागत. तारे असे बांधलेले नसतात. तबकडीच्या बहुतेक भागांत त्यांचे वेग जवळपास सारखेच असतात. त्यामुळें आंतला तारा आपली फेरी लवकर संपवितो व बाहेरचा मागें राहतो. शिवाय कोणाचीच वाट नेमकी वर्तुळाकार नसते. फिरतां फिरतां तारा थोडा केंद्राकडे जातो, पुन्हां बाहेर येतो. तसाच तबकडीच्या पातळीच्या वर-खालीं झोके घेतो. आपला सूर्यही घेतो. त्याच्या एका झोक्यास कांहीं कोटि वर्षें पुरतात.

बहुतेकांची वाट वर्तुळाच्या जवळची असते. स्वातीची मात्र लांबट आहे. सध्यां ती त्या वाटेच्या बाहेरच्या टोंकाजवळ आहे, आणि वर फेंकलेला चेंडू माथ्याशीं मंदावतो त्याप्रमाणें तेथें तिची गति मंदावली आहे. फेरीच्या दिशेनें तिचा वेग सूर्याच्या सुमारें निम्माच भरतो. भुसावळहून सुटलेली एक्सप्रेस मालगाडीस मागें टाकते, तेव्हां खिडकींतील मुलास मालगाडी उलट धांवतांना दिसते ना? तसेंच हें. धांवत आहों आपण. स्वाती मागें पडत आहे. आम्हांसही हें फार उशिरां उमगलें.

एक कोडें मात्र उरतें. ग्रहांमध्यें सूर्यापासून दूरचा तो हळू चालतो: बुध सेकंदास सुमारें ४७ किलोमीटर, तर शनि १० हूनही कमी. तबकडींतील दूरचे तारे तसे मंदावत नाहींत. अमेरिकेंतील व्हेरा रुबिन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत इतर दीर्घिकांतही हेंच पाहिलें. बहुतेक शास्त्रज्ञ आतां असें मानतात कीं, डोळ्यांस न दिसणारें पुष्कळ द्रव्य तेथें भरलेलें असून तेंच या ताऱ्यांस ओढून धरतें. तें द्रव्य कशाचें, याचा पत्ता अद्याप लागलेला नाहीं. आमच्या मुलांस तेथें वाव आहे.

एका पालकांनीं विचारिलें, स्वाती सरकली तर स्वातीचा पाऊस चुकेल काय? तो पाऊस आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरांत सूर्य स्वाती नक्षत्रीं असतो त्या दिवसांवरून मोजतों. तारकेच्या या सरकण्याशीं त्याचा संबंध नाहीं. कापसाची काळजी करावयाची ती ढगांकडे पाहून करावी. स्वाती अजून सुमारें ४,००० वर्षें किंचित् किंचित् जवळ येत राहील, आणि मग दूर जाऊं लागेल.