ईथर हाताळताना



ज्यांच्यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वी एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांच्यापैकी कित्येकांना त्या प्रसंगाची एक खूण अद्याप आठवत असेल. तोंडावर धरलेली जाळी, तिच्यावर थेंबाथेंबाने पडणारे औषध, आणि शुद्ध हरपण्यापूर्वी नाकात शिरलेला एक गोडसर, उग्र वास. तो वास ईथरचा. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रोग्याला भूल दिली आणि जॉन वॉरेन या शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. वेदनेवर मिळवलेला तो विजय सर्व जगाने मान्य केला.

आज शस्त्रक्रियागृहातून ईथर बहुतेक हद्दपार झाले आहे. परंतु औषधनिर्मितीतून आणि प्रयोगशाळेतून ते गेलेले नाही. वनस्पतींतील किंवा रासायनिक मिश्रणांतील हवे ते द्रव्य विरघळवून वेगळे काढण्यासाठी ते विद्रावक म्हणून उपयोगी पडते. वडोदरे, हैदराबाद, इंदूरजवळचे पीथमपूर या औषधनिर्मितीच्या केंद्रांत आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मंडळी कामाला जातात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आपली मुले शिकतात. म्हणून या द्रव्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे. त्याचे दोन दुर्गुण विशेष लक्षात ठेवावयाचे आहेत. एक असा की, त्याची वाफ आपली नजर नसते तिकडे जाते. दुसरा असा की, आपण त्याला हातही लावीत नसताना त्याच्यात धोका वाढत राहतो.

प्रथम वाफेचा विचार करू. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. वैशाखात इंदुरास किंवा हैदराबादेस हवेचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा ते तापविण्यासाठी चुलीची गरजच उरत नाही. बंद कोठीतील बाटलीत वाफेचा दाब वाढतो आणि बूच काढताच ती वाफ जोराने बाहेर पडते. उष्ण प्रदेशात पूर्वीच्या डॉक्टरांचा ओढा ईथरपेक्षा क्लोरोफॉर्मकडे अधिक होता, याचे हेही एक कारण होते. निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारी मंडळे बसली, त्यांच्या मागे हीच परिस्थिती होती. त्या मंडळांचा निर्वाळा पुढे शास्त्राने उचलून धरला नाही, ही गोष्ट वेगळी.

ईथरची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पटींहून अधिक जड असते. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचा वायूही हवेपेक्षा जड असतो, आणि गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, हे आपण जाणतो. ईथरचे तसेच आहे. उघड्या भांड्यातून निघालेली वाफ टेबलाच्या कडेवरून खाली उतरते, उताराने वाहत जाते, गटारात आणि तळघरात शिरते. शेजारच्या खोलीत कोणी बर्नर पेटविला तर तिथे ठिणगी पडते आणि ज्योत वाफेच्या मागाने उलट धावत मूळ भांड्यापर्यंत येऊन पोचते. ज्याने पिंप उघडले त्याला बर्नर दिसत नाही, आणि ज्याने बर्नर पेटविला त्याला पिंप दिसत नाही. अपघात या दोघांच्या मधल्या जागेत घडतो.

शिवाय हे मिश्रण पेट घेण्यास फारच तत्पर. ईथर शून्याखाली ४५ अंशांपर्यंत थंड केले तरी त्याच्या पृष्ठभागावर पेटू शकेल इतकी वाफ असते. हवेच्या शंभर भागांत ही वाफ दोन भागांहून किंचित कमी असली तरी पेटते, आणि सुमारे छत्तीस भागांपर्यंत पेटतच राहते. त्यासाठी ज्योतच लागते असेही नाही. सुमारे १६० ते १८० अंश तापलेला पृष्ठभाग, म्हणजे प्रयोगशाळेतील तापलेली विजेची शेगडी किंवा जास्त दाबाच्या वाफेची उघडी नळी, एवढ्यानेही ते आपोआप पेटू शकते. भूल देण्यासाठी हवेत जेवढे ईथर मिसळावे लागे तेवढे ईथर असलेली हवा पेट घेणारीच असते. म्हणून जुन्या काळी शस्त्रक्रियागृहांत विजेचे दिवे, जमिनीचा गिलावा, नळ्यांचे रबर, इतकेच नव्हे तर परिचारिकांचे कपडेही ठिणगी पडणार नाही असे निवडले जात.

ही ठिणगी कोठून येते? अनेकदा ती माणसाच्या हालचालीतूनच येते. एका पिंपातून दुसऱ्या भांड्यात ईथर ओतले जाते तेव्हा घर्षणाने स्थिर विद्युत् निर्माण होते. कोरड्या हिवाळी दिवसांत कृत्रिम धाग्यांचे कपडे घातलेल्या माणसाच्या अंगावरही ती साठते. म्हणून ओतणारे आणि भरले जाणारे अशी दोन्ही भांडी तारेने परस्परांशी आणि जमिनीशी जोडलेली असावीत, द्रव उंचावरून न उसळता नळीने तळाशी सोडावा, आणि मोठ्या टाकीत शक्य असेल तेथे हवेऐवजी नायट्रोजनचे आच्छादन ठेवावे. वाफ जमिनीलगत जमते म्हणून वायुवीजनाचे शोषक तोंड छताजवळ नव्हे तर जमिनीजवळ हवे. सुती कपडे घालणे ही साधी गोष्ट, पण तिचे महत्त्व कमी नाही.

ईथर सांडले तर काय करावे? दिवा लावू नये, आणि लागलेला दिवा मालवूही नये, कारण बटणाच्या दोन्ही कृतींत ठिणगी पडू शकते. माणसांना बाहेर काढावे, सर्वांना खबर द्यावी, आणि वाफ निघून जाण्यास वाट द्यावी. आग लागलीच तर पाण्याचा फवारा मारू नये. ईथर पाण्यापेक्षा हलके असल्याने ते तरंगते आणि जळत जळत दूर पसरते. शुष्क चूर्ण, कार्बन डायऑक्साइड किंवा योग्य प्रकारचा फेस हीच साधने येथे उपयोगी पडतात.

आरोग्याचाही प्रश्न आहे. काम करणाऱ्याच्या आठ तासांच्या पाळीत, हवेच्या दहा लाख भागांत ईथरचे ४०० भाग, ही मर्यादा सर्वसाधारणपणे मान्य झालेली आहे. त्याहून अधिक प्रमाणात डोके दुखणे, मळमळ, झापड, हालचालींत ढिलाई अशी लक्षणे दिसू लागतात. ज्याला झापड येते त्याचा हात चुकतो, आणि ईथरच्या संगतीत चुकलेला हात केव्हाही परवडणारा नाही. येथे नाकावर विसंबून चालत नाही. प्रथम तीव्र वाटणारा वास थोड्याच वेळात जाणवेनासा होतो, वाफ मात्र तशीच राहते.

आता दुसरा दुर्गुण. कपाटात मागे ढकलून ठेवलेली बाटली निरुपद्रवी भासते. प्रत्यक्षात हवा आणि प्रकाश यांच्या संपर्काने ईथर हळूहळू प्राणवायू शोषून घेते आणि पेरॉक्साइडे बनू लागतात. ती अतिशय अस्थिर असतात. ईथर उडून जाते, ती मात्र मागे राहतात. म्हणून जुन्या ईथरचे ऊर्ध्वपातन करताना भांडे कोरडे होत आले की तळाशी ती घट्ट होतात आणि स्फोट होतो. पेरॉक्साइड बनू नये म्हणून कारखानदार ईथरमध्ये रोधक द्रव्य घालतात, पण ऊर्ध्वपातनात ते मागे राहते आणि शुद्ध झालेल्या ईथरला कोणतेच संरक्षण उरत नाही. काळोख्या रंगाची बाटली आणि थंड जागा यांनी हा बदल मंदावतो, थांबत नाही. येथे घरगुती शीतकपाट मात्र सर्वथा वर्ज्य समजावे, कारण त्याच्या आतल्या बटणाची ठिणगी बाटलीतून निसटलेली वाफ पेटवू शकते.

यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. बाटली आली त्या दिवसाची आणि उघडली त्या दिवसाची तारीख बाटलीवर लिहावी. उघडलेली बाटली तीन महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत, संपवावी किंवा रीतसर नष्ट करवून घ्यावी. वापरण्यापूर्वी आम्ल घातलेल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाशी थोडे ईथर हलवून पाहावे; पिवळा किंवा तपकिरी रंग आला तर पेरॉक्साइड आहे असे समजावे. सौम्य प्रमाणात असल्यास हिराकशीच्या द्रावणाने ते काढता येते, पण हे काम जाणत्यानेच करावे. ऊर्ध्वपातन करताना निदान पाचवा हिस्सा भांड्यात राहू द्यावा. आणि बाटलीच्या बुचाभोवती पांढरे स्फटिक दिसले, तर ते बूच फिरवू नये, बाटली हलवू नये. जागा सोडून तज्ज्ञांना बोलवावे. बूच फिरवताना होणारे घर्षणही तेथे पुरेसे ठरू शकते.

शक्य असेल तेथे ईथरऐवजी, हळू पेरॉक्साइड बनविणारा दुसरा विद्रावक वापरणे हा सर्वांत चांगला मार्ग होय, आणि आज अनेक कारखाने तो स्वीकारीत आहेत.

यातील कोणतीही गोष्ट एकट्या कामगारावर सोडून चालणार नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक द्रव्याची माहिती कामगाराला देण्याची जबाबदारी तिने कारखानदारावर टाकली, आणि नजीकचा धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या कानी घालण्याचा हक्क कामगाराला दिला. धोका सांगणारा माणूस भित्रा नसतो. ज्या कामाच्या जागी त्याचे ऐकून घेतले जाते, तेथे अनेक आपत्ती टळतात.

म्हणून आपल्या घरचा कोणी औषधाच्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम करीत असेल, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारा. ईथर उघडताना जवळपास कोठे ज्योत किंवा तापलेली जागा तर नाही ना? आणि बाटलीवर तारीख लिहिली आहे ना? दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत बाटलीचे बूच काढू नये, हेच श्रेयस्कर.