बार्शी लाइट : माल नेणारी वाट, पाणी आणणारी वाट



आमच्या लहानपणी आषाढी जवळ आली की आजी दशम्या बांधायला घेई. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचे आणि पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत शिरायचे. डब्यात पाय ठेवायला जागा नसे. ही गाडी म्हणजे बार्शी लाइट. चालत्या गाडीतून उतरावे, बांधावरची बोरे वेचावीत आणि पळत जाऊन पुन्हा गाडी धरावी, अशी तिची थट्टा व्हायची. पण या थट्टेच्या गाडीने आपल्या भागाचा व्यापार वाढवला, हेही खरे.

मुंबईहून निघालेला जी. आय. पी. कंपनीचा मोठा लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोचला. वाटेत बार्शी मात्र बाजूलाच राहिली. बार्शी कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. तिथला माल बैलगाड्यांतून २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर, आणावा लागे. ज्या स्टेशनात तो चढे त्याचे नावच 'बार्शी रोड' होते. तेच आजचे कुर्डुवाडी.

एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर १८८२ साली जी. आय. पी.च्या नोकरीत आला. अशा आडबाजूच्या पेठांना स्वस्तातली छोटी रेल्वे जोडावी, असे त्याच्या मनाने घेतले. मंजुरी आणि भांडवल मिळवण्यात बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शीपर्यंत गाडी धावली.

स्वस्ताई कशी साधली, तेही पाहण्यासारखे आहे. मोठ्या मार्गाच्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. काल्थ्रॉपने ते अडीच फूट ठेवले. त्यामुळे जमीन, भराव आणि पूल यांचा खर्च वाचला. रूळ वजनाला हलके घेतले. बैलगाडीला असतो तसा प्रत्येक जोडचाकाला आस असतो. इंजिन असो वा वाघीण, एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. ओझे जास्त आसांवर वाटले, की हलका रूळही ते पेलतो.

पुढे ही लाइन १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली तेव्हाच्या निजामाच्या राज्यातील लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली. काल्थ्रॉपही त्याच १९२७ साली वारला. कंपनी काही धर्मादाय नव्हती. भाडे आणि नफा यांवरच तिची नजर होती. तरीही तिच्यामुळे लातूरच्या मोंढ्यातला माल दूरच्या बाजारांत जाऊ लागला.

एक खोट मात्र राहिली. छोटी वाघीण मोठ्या रुळावर चालत नाही. म्हणून कुर्डुवाडीला आणि मिरजेला पोते न् पोते हमालांकडून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागे. त्यात वेळ जाई, मजुरी वाढे, पोती फाटत. पुढे मालट्रक थेट मोंढ्यात येऊ लागल्यावर ही खोट फारच बोचू लागली.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. रूळ रुंद व्हायला मात्र नवे शतक उजाडले. २००८ साली लातूर-कुर्डुवाडी आणि २०११ पर्यंत पंढरपूर-मिरज हे टप्पे पूर्ण झाले. लातूरकडचा मार्ग थोडा वळवून उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, त्यावर घेतले गेले.

या रुंद रुळांचे मोल २०१६ च्या एप्रिलमध्ये कळले. लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हते. घागरींच्या रांगा आणि रिकाम्या दावणी मी त्या उन्हाळ्यात पाहिल्या. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. राजस्थानातील कोटा येथे धुऊन आणलेल्या १० वाघिणी आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी! पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी तिची वाट. म्हणजे आपली बार्शी लाइटच!

आता हिशेब करून पाहा. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. जुन्या नियमाप्रमाणे चार आसांच्या वाघिणीला तिच्या स्वतःच्या वजनासकट २० टनच चालत. रूळ रुंद झाले नसते, तर ही गाडी लातूरला पोचलीच नसती.

ज्या वाटेने शंभर वर्षे आपला माल बाहेर गेला, त्याच वाटेने शेवटी प्यायचे पाणी आत आणावे लागले. रेल्वेचे उपकार मानूच. पण रेल्वेने शहराची तहान भागते, शिवाराची नाही. २५ लाख लिटर ऐकायला मोठे वाटते, पण एक हेक्टर रानात २५ सेंटीमीटर पाऊस पडला की तेवढेच पाणी होते. तेव्हा येत्या पावसाआधी बांधबंदिस्ती पाहून घ्या, नाल्यातला गाळ काढा आणि विहिरीचे पाणी बघूनच पीक ठरवा. पाण्याची गाडी पुन्हा बोलवावी लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.