रुग्णसुरक्षेची साधने आणि मराठीचे व्याकरण

१

उपचारांच्या दर्जाचा विषय निघाला म्हणजे वैद्य, औषधे व यंत्रसामग्री या तीन गोष्टींचा विचार प्रथम होतो. भाषेचा विचार बहुधा होत नाही. वस्तुतः रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या उपचाराचा फार मोठा भाग शब्दरूप असतो. औषध केव्हा घ्यावयाचे, किती घ्यावयाचे, पुन्हा केव्हा यावयाचे, कोणते लक्षण दिसताच धावत यावयाचे, हे सारे कोणीतरी कोणाला तरी सांगत असतो. आणि सांगितलेले चुकीचे ऐकले गेले, तर उत्तम औषधही अपाय करू शकते. रुग्णसुरक्षेसाठी जी व्यावहारिक साधने सुचविली जातात, म्हणजे पडताळासूची, ओळखपट्टी, नोंदवही, औषधाचे वेष्टन, लक्षणांची तालिका, त्यांपैकी बहुतेक भाषिक साधने आहेत. ती बहुधा अन्य भाषेत घडतात आणि मग मराठीत उतरविली जातात. या उतरविण्यात मराठीच्या व्याकरणाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वैद्यकाच्या अभ्यासकांचा अधिकार येथे सांगावयाचा नाही. भाषेच्या अभ्यासकाने त्यांना कोठे साहाय्य करावे, एवढेच दाखवावयाचे आहे.

२

पहिला प्रश्न ओळखीचा. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव या गावाचे उदाहरण येथे घेऊ. महाराष्ट्रात गोरेगाव एकच नाही. मुंबईचे उपनगर गोरेगाव आहे, रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात गोरेगाव आहे, आणि गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तर तालुक्याचेच ठिकाण आहे. शिवाय हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यामुळे या गावातील वयस्क माणसाच्या जुन्या कागदावर 'जि. परभणी' असे असणार आणि नव्या कागदावर 'जि. हिंगोली'. 'रा. गोरेगाव' एवढ्या नोंदीने मोठ्या शहराच्या रुग्णालयात काहीच निश्चित होत नाही.

व्यक्तिनामांची गोष्ट याहून नाजूक आहे. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते, पुष्कळदा पहिलेही बदलते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून आहे. सेनगाव तालुक्याची सीमा वाशीम जिल्ह्याला भिडते. तेव्हा गरोदरपणाची नोंद एका जिल्ह्यात सासरच्या नावाने आणि प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात माहेरच्या ओळखीने, असे सहज घडू शकते. रक्तगट, पूर्वीचे आजार, दिलेल्या लसी ही माहिती एका नावाखाली राहते आणि स्त्री दुसऱ्या नावाने दाखल होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली असे सुचविले की, रुग्णाची ओळख किमान दोन स्वतंत्र खुणांनी पटवावी आणि खोलीचा क्रमांक त्यांत धरू नये. हा नियम मराठीत आणताना दोन अडचणी येतात. 'तुम्ही सुमनबाई ना?' या प्रश्नातील 'ना' होकाराची अपेक्षा धरूनच येतो. अधिकाराच्या माणसाने असा प्रश्न केला असता ग्लानीतील, घाबरलेली किंवा भिडस्त व्यक्ती 'हो' म्हणते, मग नाव तिचे असो वा शेजारच्या खाटेवरचीचे. म्हणून 'तुमचे नाव काय?' असा मोकळा प्रश्नच सुरक्षित होय. दुसरी अडचण संस्काराची. पतीचे नाव तोंडाने न घेण्याचा संकेत, ज्यातून उखाण्यासारखा प्रकार जन्मला, तो जुन्या पिढीतील स्त्रियांत आजही आढळतो. पूर्ण नाव सांगा म्हटले की त्या मधल्या शब्दापाशी अडतात आणि सोबतचे माणूस उत्तर देते. तेव्हा दुसरी खूण म्हणून कार्डाचा क्रमांक किंवा जन्मवर्ष घ्यावे, हे केवळ सोयीचे नव्हे, तर समाजाच्या भाषाव्यवहाराला धरून आहे.

३

आता नोंदीचे व्याकरण पाहू. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माला अनुसरून चालतो. 'परिचारिकेने औषध दिले', 'डॉक्टरांनी गोळी दिली' या वाक्यांत 'दिले', 'दिली' ही रूपे कर्त्याविषयी काहीच सांगत नाहीत. ती औषधाशी व गोळीशी जुळतात. घाईत लिहिणारा कर्ता गाळतो आणि वहीत 'इंजेक्शन दिले' एवढेच उरते. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य पूर्ण वाटते, त्यात उणीव जाणवत नाही. येथेच धोका आहे. कोणी दिले, केव्हा दिले, हे पुढच्या पाळीवर येणाऱ्याला कळत नाही. आणि दिले की द्यावयाचे आहे, अशी शंका उरल्यास तेच औषध पुन्हा दिले जाते किंवा मुळीच दिले जात नाही. म्हणून वेळेचा आणि सहीचा वेगळा रकाना हा कारकुनी उपचार नव्हे. मराठी क्रियापद जे सांगत नाही, ते रकान्याने वदवून घ्यावयाचे असते.

कालवाचक शब्दांत 'परवा' हा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हिंदीत 'कल' हा शब्द काल आणि उद्या या दोन्ही अर्थी येतो. मराठीत काल व उद्या वेगळे आहेत. परंतु त्यापुढे गेले की 'परवा' आणि 'तेरवा' दोन्ही दिशांना चालतात. पूर्ण वाक्यात क्रियापद अर्थ निश्चित करते: 'परवा ताप आला', 'परवा या'. पण चिठ्ठीवर 'परवा – रक्ततपासणी' असे तुटक लिहिले की तपासणी झाली की व्हावयाची आहे, हे कळण्यास मार्ग नाही. मराठवाड्यात दखनी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत; तेथे 'कल'ची संदिग्धता आणखी भर घालते. तारीख आणि वार दोन्ही लिहिणे हाच यावरचा उपाय.

'औषध' या शब्दाचा विचार तर अधिक गंभीरपणे केला पाहिजे. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या प्रदेशात 'औषध' म्हणजे फवारणीचे कीटकनाशकही होय. 'औषध मारणे' म्हणजे पिकावर फवारणे, आणि 'औषध पिणे' याचा अर्थ पुष्कळदा विष घेणे असा होतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. एकाच घरात एकाच शब्दाने ओळखले जाणारे दोन पदार्थ असतील, तर 'औषध मुलांपासून दूर ठेवा' ही सूचना कोणत्या बाटलीविषयी आहे? आणि 'काय घेतले?' या प्रश्नाला 'औषध घेतले' असे उत्तर आले, तर दाखल करून घेणाऱ्याने पुढचा प्रश्न न विचारता थांबता कामा नये. बाटली घेऊन येण्यास सांगणे हे येथील सर्वांत साधे साधन आहे.

४

संख्यांचा प्रश्न मराठीत विशेष बिकट आहे. एकपासून शंभरपर्यंतची नावे जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात आणि एकक आधी, दशक नंतर, असा त्यांचा क्रम असतो. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात संस्कृतीविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु ऐकण्याच्या सुरक्षिततेचा मुद्दा पुढे आला नाही. 'एकोणपन्नास' ऐकताना आरंभ निसटला तर कानात 'पन्नास' उरते. 'पावणेदोन' किलो वजनाचे नवजात अर्भक आणि 'सव्वादोन' किलोचे, यांत अर्धा किलोचे अंतर आहे; घाईत दोन्हींचे 'दोन'च ऐकू येते. अडीच किलोखालील बाळ कमी वजनाचे मानले जाते हे लक्षात घेता, अर्धा किलो ही क्षुल्लक चूक नव्हे. दूरध्वनीवरून आकडा सांगताना एकेक अंक सुटा उच्चारावा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा, ही पद्धत मराठीला म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

या अडचणीवरचा सर्वांत चतुर उपाय आपल्याच राज्यात निघाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापिली. बालकांतील न्यूमोनिया, ज्याला विदर्भात लोक 'डबा' म्हणतात, तो ओळखण्याचे प्रमुख लक्षण म्हणजे श्वासाची वाढलेली गती. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असतील तर धोका समजावयाचा. पण अक्षरओळख नसलेल्या सुईणीने साठपर्यंत मोजावे कसे? त्यासाठी मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेला श्वासमापक तयार झाला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. लहान बाळासाठीच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. मोठ्या बालकासाठीच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया.

या साधनाची थोरवी सामान्यतः 'निरक्षरांसाठी सोपे' अशा शब्दांत सांगितली जाते. भाषेच्या दृष्टीने ती आणखी खोल आहे. अकरापासून एकोणसाठपर्यंतच्या मराठी संख्यानामांचा सारा अनियमित प्रदेश या साधनाने वगळला आहे. मोजणारी स्त्री दहापर्यंतच मोजते, पुन्हा पुन्हा मोजते, आणि दशकाचा हिशेब मणी ठेवतो. निर्णयाच्या क्षणी तिला संख्या उच्चारावी लागत नाही. रंग पाहावा लागतो. मात्र साधनेही जुनी होतात. आजच्या निकषानुसार एक ते पाच वर्षांच्या बालकासाठी मर्यादा चाळीस आहे, तेव्हा त्या वयासाठी लाल मणी एक घर अलीकडे यावयास हवा. ज्ञान बदलले की साधन बदलले पाहिजे, नाहीतर कालचे सुरक्षासाधन आज चूक घडविते.

५

'सर्च'चे दुसरे काम नवजात अर्भकांसंबंधी आहे. १९९५ ते १९९८ या काळात एकोणचाळीस गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन अर्भकांची काळजी घेतली. तुलनेसाठी घेतलेल्या सत्तेचाळीस गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा वृत्तान्त १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ साली भारत सरकारने घरोघरच्या नवजात-काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर सुरू केला. त्यात रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी भेटी ठरविल्या आहेत; घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशी एक अधिक.

जंतुदोष ओळखण्यासाठी गडचिरोलीत सात लक्षणे निश्चित झाली आणि त्यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली तर धोका मानावा, असा नियम २००५ साली मांडला गेला. यातील पहिल्या तीन लक्षणांची रचना अभ्यासण्याजोगी आहे. पूर्वी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले किंवा थांबले; पूर्वी नीट चोखणाऱ्या बाळाचे चोखणे मंदावले किंवा थांबले; पूर्वी सावध असलेले बाळ सुस्त किंवा बेशुद्ध झाले. 'बाळ रडत नाही' असे हे लक्षण नाही. 'रडत होते, आता रडत नाही' असे आहे. अपूर्ण भूतकाळ व वर्तमानकाळ यांतील अंतर हेच येथे रोगाचे चिन्ह आहे, आणि ते अंतर फक्त आईला किंवा वारंवार घरी येणाऱ्या बाईलाच दिसू शकते. एकदाच तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाती वर्तमानकाळ तेवढा असतो. तेव्हा आईला 'बाळ रडते का?' असे न विचारता 'कालपेक्षा रडण्यात फरक पडला का?' असे विचारणे, यात वरवर शब्दांचा फरक असला तरी निदान त्यावर अवलंबून असते.

६

पडताळासूचीच्या सामर्थ्याविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची सूची काढली. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचे एक होते, ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. परंतु कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात, २०१४ साली, असा लक्षणीय फरक आढळला नाही. उत्तर प्रदेशात सुरक्षित प्रसूतीच्या सूचीचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. मार्गदर्शक सोबत असताना आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के कृती पार पडल्या, अन्यत्र ४२ टक्के. मार्गदर्शन संपल्यानंतर हे प्रमाण ६२ टक्क्यांपर्यंत उतरले. माता व अर्भकांच्या मृत्यूंत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. तात्पर्य, सूची असणे निराळे, ती खरोखर बोलली जाणे निराळे, आणि तिच्यामागे मनुष्यबळ, रक्त व औषधे असणे आणखी निराळे.

यांपैकी दुसऱ्या गोष्टीत भाषेचा संबंध येतो. शस्त्रक्रियेच्या सूचीत सर्वांनी आपले नाव व काम सांगावे असे एक कलम आहे. आपल्या रुग्णालयांत 'सर', 'मॅडम', 'सिस्टर', 'मावशी', 'मामा' अशी संबोधने चालतात. त्यांत आपुलकी आहे आणि उतरंडही आहे. मावशींनी सरांना 'तुम्ही हातमोजे बदलले नाहीत' असे म्हणणे जवळजवळ अशक्य असते. परंतु 'सर, हातमोजे बदलायचे राहिले' असे म्हणता येते. कर्त्याला वगळणारी जी रचना नोंदवहीत घातक ठरते, तीच समक्ष बोलताना दोषारोप टाळून सत्य सांगण्याची वाट करून देते. आणि सूचीतील छापील प्रश्न मोठ्याने वाचला गेला, तर तो प्रश्न कागदाचा होतो, विचारणारीचा उद्धटपणा राहत नाही. म्हणून सूची मराठीत करताना 'हातमोजे बदलावेत' असा विध्यर्थ न वापरता 'हातमोजे बदलले का?' असे प्रश्नरूप योजावे. विध्यर्थी वाक्य भिंतीवर टांगले जाते. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

७

वरील विवेचनातून काही कामे आपल्या विभागापुढे उभी राहतात. जिल्ह्याजिल्ह्यांतील रोगलक्षणांच्या बोलींतील शब्दांचा संग्रह करणे; प्रचलित तालिका व सूचनापत्रके प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांकडून परत वदवून त्यांचा अर्थ तपासणे; संदिग्ध काल व संख्यावाचक शब्दांची छोटी यादी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती देणे. यांत मोठा खर्च नाही, परंतु शास्त्रीय शिस्त हवी. आणि शुद्ध मराठीचा हट्ट मात्र नको. 'बीपी', 'शुगर', 'सलाईन' हे शब्द गोरेगावातही सर्वांना कळतात. त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द घातल्यास भाषेचा सन्मान होणार नाही आणि रुग्णाचा गोंधळ मात्र वाढेल.

१७ सप्टेंबर हा दिवस २०१९ पासून जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मराठवाड्याला तो १९४८ पासून मुक्तीचा दिवस म्हणून परिचित आहे. हा योगायोग खरा. तथापि निजामी राजवटीत कचेरीची भाषा एक आणि घरची दुसरी, ही स्थिती या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. औषधाच्या चिठ्ठीपुरती का होईना, ती स्थिती अजून संपलेली नाही. ती संपविण्याच्या कामात भाषाशास्त्राचा वाटा लहान नाही.