साकाईची सुरी

सुरीकडून गृहिणीच्या दोन अपेक्षा असतात. तिची धार तीक्ष्ण असावी व टिकावी, ही पहिली. आणि हातांतून निसटून पडली तरी ती मोडूं नये, ही दुसरी. वरवर पाहतां या अपेक्षा एकमेकींच्या सख्या वाटतात. पण धातूच्या दृष्टीनें त्या सवती आहेत. जें पोलाद फार कठीण होतें, तें ठिसूळहि होतें. जें लोखंड चिवट असतें, त्याची धार लवकर बोथटते. या दोघींना एका पात्यांत कसें नांदवावें, याचें उत्तर जपानांतील ओसाका शहराजवळच्या साकाई येथील लोहारांनीं फार पूर्वीं शोधून ठेवलें आहे.

साकाई हें जुनें बंदर. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानांत आली, आणि तिचीं पानें चिरण्यासाठीं येथील लोहार सुऱ्या घडवूं लागले. तोकुगावा राजवटींत या सुऱ्यांवर ‘साकाई किवामे’ असा सरकारमान्य शिक्का उठूं लागला. पुढें १८७६ सालीं जपान सरकारनें सैनिक, पोलीस अशांखेरीज इतरांस तरवार लावून हिंडण्याची मनाई केली. तेव्हां जपानांतील अनेक तरवारी घडविणाऱ्यांचा धंदा बसला, आणि त्यांपैकीं कित्येक घरगुती हत्यारांकडे वळले. रणांगणावरची विद्या अशा रीतीनें स्वयंपाकघरांत आली.

सुरीचें काम दोन धातूंपासून सुरू होतें. एक मऊ घडीव लोखंड, आणि दुसरें शेंकडा सुमारें एक भाग कर्ब असलेलें पोलाद. भट्टींत लाल केलेल्या लोखंडाच्या पट्टीवर लोहार टाकणखार व लोहचूर्ण यांचें मिश्रण भुरभुरतो, त्यावर पोलादाचा तुकडा ठेवतो, आणि दोन्ही पुन्हां तापवून घणाखालीं घालतो. टाकणखारानें गंज व मळ वितळून बाहेर फेंकला जातो, आणि दोन धातू एकजीव होतात. उष्णता कमी पडली तर सांधा बसत नाहीं. फार झाली तर पोलादांतील कर्ब जळतो व कणी जाड होते. मग पातें ठोकून लांबविलें जातें, पेंढ्याच्या राखेंत सावकाश निवूं दिलें जातें, आणि थंड झाल्यावर पुन्हां ठोकून त्याला नीट आकार दिला जातो.

यानंतर येतो तो खऱ्या परीक्षेचा क्षण: पाणी देण्याचा. मराठींत शूर माणसाला ‘पाणीदार’ म्हणतात. पाणी न दिलेलें हत्यार कसें असतें, हें लोहारच जाणतो. पात्यावर मातीचा पातळ लेप देतात. त्यामुळें पाण्यांत बुडतांना वाफेचा थर पात्याला चिकटून राहत नाहीं व सर्व अंग सारखें निवतें. पातें सुमारें आठशें सेंटिग्रेड अंशांपर्यंत तापवावें लागतें. ही उष्णता लोहार रंगावरून ओळखतो; म्हणून या वेळीं कारखान्यांत अंधार करण्याची रीत आहे. तापलेल्या पोलादांत कर्ब लोखंडाच्या घडणींत विरघळलेला असतो. पातें सावकाश निवालें, तर तो बाहेर पडतो व पोलाद मऊ राहतें. एकाएकीं निवविलें, तर त्याला बाहेर पडावयास अवसरच मिळत नाहीं. तो आंत कोंडला जातो, आणि त्या ताणानें पोलाद कठीण होतें. शेजारच्या घडीव लोखंडांत कर्ब जवळजवळ नसतोच. म्हणून त्याच पाण्यांत बुडूनहि तें मऊच राहतें. एकाच बुडीनें धार कठीण व पाठ चिवट होते, ती अशी. पण याच पळांत ताण असह्य झाला, तर पात्याला तडा जातो. अशा पात्याला उपाय नाहीं. आधींची सारी मेहनत फुकट जाते.

तडा गेला नाहीं, तरी काम संपत नाहीं. नुसतें पाणी दिलेलें पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें. म्हणून पातें पुन्हां दीडशें ते दोनशें अंशांपर्यंत हलकेंच तापवितात. त्यानें कांहीं कठीणपणा जातो, पण पुष्कळ ठिसूळपणाहि जातो.

येथें लोहाराचा हात थांबतो. साकाईंत घडविणारा, धार लावणारा व मूठ बसविणारा असे निरनिराळे कारागीर असतात. धार लावणारा ओल्या दगडांवर, जाडापासून बारीक कणीच्या दगडापर्यंत, एका बाजूनें उतार काढतो. दुसरी बाजू किंचित् खोलगट ठेवतो, म्हणजे चिरलेली फोड पात्याला चिकटत नाहीं. मूठ हलक्या मॅग्नोलिया लांकडाची व तिच्या तोंडाशीं म्हशीच्या शिंगाचें कडें असते.

या जोडणीचा लाभ घरच्या माणसालाहि होतो. मऊ लोखंड दगडावर लवकर झिजतें, व कठीण पोलाद धारेपुरतेंच असतें. म्हणून अशी सुरी घरींहि पाजवितां येते. काम झाल्यावर ती पुसून कोरडी ठेवावी, नाहीं तर गंजते. जें पाणी भट्टीजवळ तिला सामर्थ्य देतें, तेंच मोरीजवळ तिचा शत्रु होतें.