जमिनीचा उच्छ्वास

वैशाखांत झरी जामणी तालुक्यांतील काळ्या जमिनीस मोठमोठ्या भेगा पडतात व ती मृतवत् दिसूं लागते. परंतु मृगाचा पहिला पाऊस पडतांच तिच्यांतून सुवास दरवळतो. त्याच वेळीं दुसराहि एक पदार्थ तिच्यांतून विपुल बाहेर पडत असतो. त्यास ना रंग, ना वास. तो म्हणजे कर्बवायु, अर्थात् कार्बन डायऑक्साइड. तो कोठून येतो व आपल्या शेताशीं त्याचा काय संबंध, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मातींत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. पालापाचोळा, मुळें व शेणखत हें त्यांचें अन्न. तें खाऊन ते आपल्याप्रमाणेंच कर्बवायु सोडतात. उन्हाळ्यांत ओल नाहींशी झाली म्हणजे पुष्कळ जंतु मरतात. उरलेले आपल्या पेशींत विशिष्ट पदार्थ सांठवून तग धरतात. एकाएकीं पाणी मिळालें कीं कांहीं पेशी फुटतात, कांहीं आपला सांठा बाहेर टाकतात, आणि ढेकळें विरून आंत दडलेलें अन्न मोकळें होतें. मग जंतूंस मेजवानीच मिळते व कांहीं दिवस कर्बवायूचा लोंढा वाहतो. बर्च नांवाच्या शास्त्रज्ञानें पूर्व आफ्रिकेंतील मातीवर प्रयोग करून १९५८ सालीं हें सविस्तर मांडलें. म्हणून यास ‘बर्च परिणाम’ म्हणतात.

आपल्याकडे जें काम ऊन व पाऊस करितात, तेंच थंड देशांत हिम करितें. पाणी गोठतांना फुगतें, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. मातींतील पाणी गोठलें म्हणजे जंतूंच्या पेशी व मातीचे कण फुटतात. वसंतांत बर्फ वितळतांच वांचलेले जंतु त्या अन्नावर तुटून पडतात, आणि बर्फाखालीं कोंडलेला वायुहि सुटतो. उत्तर ध्रुवाकडील कायम गोठलेल्या जमिनींत सुमारे १,५०० अब्ज टन कर्ब आहे. वातावरणांतील कर्बाच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो. पृथ्वी तापत असल्यामुळें ती जमीन वितळूं लागली आहे. तिच्यांतून सुटणारा वायु उष्णता आणखी वाढवील, ही शास्त्रज्ञांची चिंता आहे.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. दोन बरण्यांत सारखीच वाळलेली काळी माती घालावी. एकींतील माती पाण्यानें ओली करावी, दुसरी कोरडीच ठेवावी. दोहोंत चुन्याच्या निवळीची एकेक लहान वाटी ठेवून झांकणें घट्ट लावावीं. दुसऱ्या दिवशीं ओल्या मातीजवळची निवळी अधिक दुधाळ झालेली दिसेल. कर्बवायूची हीच खूण होय.

आतां पालकांस दोन शब्द. या लोंढ्याबरोबर मातींतील नत्रहि मोकळें होतें व कोंवळ्या रोपांस तें लाभतें. म्हणून पहिला पाऊस हें खरोखरच वरदान आहे. परंतु तें जमिनीच्या पुंजीतून दिलेलें असतें. दरसाल पुंजी खर्चावी आणि शेण गोवऱ्यांत व पऱ्हाटी बांधावर जाळून टाकावी, तर ती भरून कशी यावी? पऱ्हाटी बारीक करून मातींत मिसळावी, शेणाचें खत करावें. जमीन आपणांस उधार देते. तें फेडणें आपल्याच हातीं आहे.