कपड्यांच्या नळावर भांड्यांचं यंत्र

मैत्रिणींनो, भांडी धुण्याचं यंत्र घरात आणायचं मनात आलं की पहिला प्रश्न पडतो तो जागेचा आणि दुसरा नळाचा. भाड्याच्या घरात ओट्याखाली फोडाफोड करू देणार कोण? आणि घर स्वतःचं असलं, तरी यंत्र आपल्याला मानवतं की नाही हे कळायच्या आधीच फरशी कशाला फोडायची?

मला तर विचार करायला सवडच नव्हती. उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर आलं. नणंदेकडे एक यंत्र पडून होतं. ह्यांनी ते आणून ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं. तिथे नळ होता, मोरी होती आणि मोठा प्लगही होता. आणखी काय हवं?

पाणी आत घेणं सोपंच निघालं. दोन्ही यंत्रांच्या नळ्यांना बहुधा पाऊण इंची आट्यांचीच टोपी असते. त्यामुळे कपड्यांची नळी काढून भांड्यांची लावता येते. रोजची काढघाल नको असेल, तर दुकानात टू-वे अँगल कॉक मिळतो. नळी लावताना आतला रबरी वॉशर जागेवर आहे ना, तेवढं बघा. हातानं घट्ट करा, मग पान्यानं अगदी थोडं आवळा. जोर केला की वॉशर चिरडतो आणि गळती सुरू होते.

आमची फजिती झाली ती जाणाऱ्या पाण्यानं! सांडपाण्याची नळी आम्ही मोरीच्या जाळीवर नुसती टेकवून ठेवली होती. यंत्राचा पंप पाणी जोरानं फेकतो. त्या झटक्यानं नळी उडाली आणि सगळं पाणी बाल्कनीतून खाली गेलं. खालच्या काकूंचा आवाज आला, “अगं, नळ उघडा राहिलाय का तुझा? माझे पापड भिजले सगळे!” मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून सांगते, ही नळी आधी पक्की बांधा. जमिनीपासून साधारण ४० ते १०० सेंटिमीटर उंचीवर तिला वळसा द्यावा लागतो. नेमकं माप यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असतं. नळी फार खाली राहिली, तर यंत्रातलं पाणी आपोआप ओढलं जातं. फार वर गेली, तर पंपाला पाणी चढवता येत नाही. नळीचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका. मोरी एकच असेल, तर दोन्ही यंत्रं एकदम लावू नका, नाहीतर ती तुंबते.

विजेचंही तसंच. दोन्ही यंत्रं पाणी तापवू लागली, तर प्रत्येकी २००० वॉट धरले तरी ४००० होतात, म्हणजे १७ अँपिअरच्या वर. आपला मोठा प्लग असतो १६ चा! तेव्हा अर्थिंग असलेल्या प्लगवर एका वेळी एकच यंत्र लावा. एक्स्टेन्शनची वायर तर नकोच.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पाण्याचा दाबही पाहावा. बऱ्याच यंत्रांना निदान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा तीनएक मीटर उंच हवं. टाकी अगदी डोक्यावर असेल, तर यंत्र पाण्यासाठी अडून बसतं.

पहिल्यांदा यंत्र रिकामंच चालवा आणि शेजारी स्टूल टाकून बसा. जोडाखाली कोरडा कागद ठेवा, थेंब पडला की लगेच कळतो. काम झालं की नळ बंद करायला विसरू नका. रात्री यंत्र लावून झोपायचा मोह तर मुळीच नको.

काकूंना मी नवे पापड नेऊन दिले, ते डाव्या हातानंच. प्लास्टर निघालं, तरी यंत्र अजून बाल्कनीतच आहे. नळी मात्र आता दोन ठिकाणी बांधलेली आहे, बरं का!