देसाई, देसायि

सकाळी ७ : निपाणीत कोवळं ऊन खिडकीतून तिरपं येतं, तेव्हा जुन्या कागदावरची फिकट शाई उठून दिसते. म्हणून मोडीचं काम मी चहाच्या आधी घेतो. आज एक इनामपत्र आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तरी भिंगाखाली ‘देसाई’ सापडलंच.

१० : इनामपत्र ज्या घरातलं, त्या घरचा नातू येतो. “काका, आडनाव दाखल्यावर एक, उताऱ्यावर एक, आधारवर आणखी तिसरंच. खरं कुठलं?”

त्याला शेजारी बसवलं. निपाणी कर्नाटकात, म्हणून जमिनीचा उतारा कानडीत, तिथं ‘देसायि’. कानडीला दोन स्वर शेजारी शेजारी रुचत नाहीत, मधे ‘य’ येतो. शेवटची ‘ई’ही आखूड होते, कुलकर्णी तिथं ‘कुलकर्णि’ होतात. ही चूक नव्हे, त्या भाषेची रीत आहे. हे त्याला पटेपर्यंत अकरा वाजले, पण तो वेळ वाया गेला असं मला वाटलं नाही.

१२ : स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र : तिन्ही नावांची व्यक्ती एकच. टाईप, सही, शिक्का.

३ : जेवणानंतर माझं स्वतःचं काम, निपाणकरांच्या नावांची वही. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर. फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर, वतनावरून देसाई, निपाणीवरून निपाणकर. एका माणसाला तीन आडनावं, आणि तिन्ही खरी! लोक त्यांना आप्पा देसाई म्हणत. १८०३ च्या मोहिमेत ते इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीबरोबर होते. त्याच्या पत्रांत देसाईंना दोन एस, शेवटी वाय आणि ई. सोबतचे मराठा सरदार बापू गोखले तर ‘गोक्ला’ झालेत. गोऱ्याच्या कानाला ‘ख’ ऐकूच आला नसावा. आज इंग्रजीत आपण देसाई एकाच एसनं लिहितो.

६ : सकाळच्या इनामपत्राचं लिप्यंतर पक्कं करतो. ‘देसाई’ची ‘ई’ दीर्घ लिहिली आणि समासात टीप घातली : मुळात ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. नातू उद्या दहाला कागद न्यायला येईल.